कादंबरीतला जावई

मुलांनो, जरा वेळ डोळ्यांपुढे साताऱ्यातली एक ओसरी आणा. सतरंजी अंथरली आहे. तिच्यावर कऱ्हाडहून आलेले पाच पाहुणे मांडी घालून बसले आहेत आणि सहावे तुम्ही. पाहुण्यांच्या हातात सरबत आहे. तुम्हीही एक पेला घ्या, कल्पनेत साखर कमी पडत नाही. आतल्या खोलीच्या फटीतून माहपारा नावाची बावीस वर्षांची मुलगी बघते आहे. ती शाळेत शिकवते. कऱ्हाडचा मुलगाही शाळेत शिकवतो. दोघांनी एकमेकांना एकदाच पाहिलं, आणि दोघांनीही आपापल्या घरी "तुम्ही म्हणाल तसं" हे इतक्या घाईनं सांगितलं, की घरच्यांना काय ते कळलं. आता फक्त तारीख ठरायची आहे.

तेवढ्यात पोस्टमन येतो. रजिस्टर पाकीट आहे. मुलीचे वडील सिकंदर मुजावर पाकीट फोडतात, चष्मा लावतात आणि मोठ्यानं वाचायला लागतात, कारण शिक्का असलेला कागद चारचौघांत मोठ्यानं वाचायचा ही आपल्याकडची जुनी खोड. "दाखला देण्यात येतो की, माहपारा सिकंदर मुजावर, वय बावीस, राहणार सातारा, हिचा निकाह सरफराज, वय पंचवीस, राहणार शिरवळ, याच्याशी..."

पुढच्या शब्दाच्या आधी थांबायचा त्यांनी प्रयत्न केला. पण घाट उतरणारी एसटी आणि चारचौघांत लागलेला आवाज, दोन्हींना एकदम ब्रेक लागत नाही.

कऱ्हाडच्या वडीलधाऱ्यांनी पेला खाली ठेवला. "मियाँ, लगीन झालेली पोरगी दाखवाय बोलावलंय व्हय आमाला?"

आता सांगा, तुम्ही सिकंदरमियाँच्या जागी असता तर काय केलं असतं? त्यांनीही तेच केलं. आधी आत जाऊन पोरीकडं बघितलं. ती चुलीपुढं होती, म्हणजे पळून गेलेली नव्हती. मग कागदाकडं बघितलं. काझीसाहेबांचा शिक्का होता, दोन साक्षीदार होते, नवऱ्याची झोकदार सही होती. आणि खाली मुलीच्या वतीनं होकार सांगणारा वकील म्हणून नाव होतं बाबालाल अत्तार, माधवनगर, मुलीचा सख्खा मामा.

कऱ्हाडकर भले माणूस. ते म्हणाले, "आठ दिस थांबतो. हा निकाह झालाच न्हाई असं काझीसायबांचं शिक्क्याचं पत्र आणा. न्हाई आलं तर कोरेगावचं स्थळ आमाला तयार हाय."

सिकंदरमियाँनी चपला पायात घातल्या आणि सांगलीची गाडी धरली. ते वाटभर बायकोच्या भावाला काय काय म्हणाले, ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. तोवर आपण त्यांच्या आधी माधवनगरला पोचू.

बाबालाल अत्तार सांगलीतल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. वय सत्तेचाळीस, नोकरी पंचवीस वर्षं, चूक शून्य. निदान ते तसं सांगत. घरातही त्यांचा कारभार कचेरीसारखाच चाले. लग्न ठरल्यावर त्यांनी खुतेजाबींना, म्हणजे होणाऱ्या बायकोला, एकच पत्र लिहिलं होतं. त्याच्या डोक्यावर "विषय : क्षेमकुशल कळविणेबाबत" असं होतं. असा माणूस शहाण्णव साली एके दिवशी उठला आणि म्हणाला, "मी प्रेमाची कादंबरी लिवणार."

"कुणाच्या प्रेमाची?" खुतेजाबींनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता.

झालं होतं असं. एसटीची वाट बघता बघता बाबालालांनी स्टँडवरच्या दुकानातल्या प्रेमकादंबऱ्या चाळल्या होत्या. विकत घेतल्या नव्हत्या, दुकानदार हाकलेपर्यंत चाळल्या होत्या. प्रत्येकीत नायकाचा बंगला महाबळेश्वरला होता. प्रत्येकीत धुकं होतं. आणि मुसलमान असलाच तर एक म्हातारा टांगेवाला असे. तो मोठ्या मनाचा असे, दर वाक्याला अल्लाची शपथ घेई, आणि तिसऱ्या प्रकरणात नायकाचा जीव वाचवून मरून जाई. बाबालालांनी अशी अकरा पुस्तकं पाहिली. अकरा टांगेवाले मेले. बाराव्याला त्यांनी पुस्तक मिटलं.

"आमच्यात कोण प्रेम करत न्हाई काय?" ते दुकानदाराला म्हणाले.

"करत आसतील की. पण खपायला नको?" दुकानदार म्हणाला.

बाबालालांचे वडील एक जुना किस्सा सांगत. माहपारा नावाची सरदाराची मुलगी आणि सरफराज नावाचा गरीब तरुण. तिला वाळवंटापलीकडं नेतात, हा बारा वर्षं उंटांच्या तांड्यामागं चालतो, शेवटी तिच्या किल्ल्याच्या दाराशी पोचतो आणि तहानेनं मरतो. मग तीही मरते. बाबालालांना हा किस्सा इतका आवडे, की बहिणीला मुलगी झाल्यावर माहपारा हे नाव त्यांनीच सुचवलं होतं. तोच किस्सा आता नव्यानं लिहायचा, असं त्यांनी ठरवलं. सरफराज शिरवळच्या कारखान्यात टेंपरवारी कामगार. उंटांच्या तांड्याऐवजी सातारा-सांगली एसटी. किल्ल्याऐवजी मुलीचा बाप. आणि बारा वर्षांच्या वणवणीऐवजी कायम होण्याची वाट बघणं. ती बारा वर्षांत संपली तरी माणूस नशीबवान.

काम गुपचूप करायचं ठरलं होतं. त्यामुळं चार दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं.

पहिला सल्ला कचेरीतून आला. शेजारच्या टेबलाचे हंबीरराव डबा खाता खाता दोन पानं वाचून म्हणाले, "ब्येस हाय गड्या. पण ह्यात बिर्याणी कुठं हाय?"

"हंबीरराव, ती मानसं वांगं-भाकरी खात्यात. आमीबी तेच खातो. माझ्या डब्यातलं वांगं आत्ताच तुमी खाल्लंय."

"ते व्हय रं. पण पुस्तकात बिर्याणी पायजे. न्हाईतर वाचणाऱ्याला कळायचं कसं?" असं म्हणून त्यांनी उरलेलं वांगंही संपवलं.

दुसरा सल्ला शेजारच्या दीपमालाबाई कांबळे यांचा. त्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांनी एकच विचारलं, "शेवटी दोघं मरतात?"

"जुन्या किश्श्यात मरत्यात."

"मग तुमच्यात नका मारू भाऊ. आमचं माणूस पुस्तकात आलं की पहिल्या पानावर उपाशी असतं आणि शेवटच्या पानावर मेलेलं. एखाद्याला तरी नोकरी करू द्या, पेन्शन खाऊ द्या."

बाबालालांना हे पटलं. पण बातमी मशिदीपर्यंत पोचली तेव्हा तिकडून उलटे सल्ले आले. मुलगी एसटीनं एकटी कशी जाते? सरफराज दिवसातून पाचही नमाज पढतो हे पाचही वेळा लिहिलंय का? आणि मुसा टेलरचं म्हणणं, बाकी काही लिहा, पण नवऱ्या मुलाच्या शेरवानीला एक अख्खं प्रकरण द्या आणि शिंप्याचं नाव घाला.

बाबालाल सगळ्यांचं ऐकत आणि लिहीत. त्यांचं अक्षर फक्त एकाच माणसाला लागे, ते म्हणजे त्यांची धाकटी मुलगी नसीम. ती पाचवीत होती. रोज शाळेतून आल्यावर ती बापाची पानं जाड वहीत सुवाच्य उतरवून काढी. प्रेमकादंबरी पोरीच्या हातात कशी दिली, असं विचाराल तर ऐका. ह्या कादंबरीत नायक-नायिका एकूण नऊ वेळा भेटतात, आणि नऊही वेळा दोघांच्या मध्ये कंडक्टर उभा असतो.

गाडी अडली ती निकाहाच्या प्रकरणाशी. आपला सरफराज मरणार नव्हता, त्याचं लग्न लागणार होतं. बाबालालांनी तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. पंचवीस वर्षांची सवय. समोर फॉर्म असल्याशिवाय हात चालेना. मुलांनो, निकाह लागला की काझींच्या वहीत तो तीन प्रतींत लिहितात. एक मुलाला, एक मुलीला, एक वहीत. ही वही काझींचा मदतनीस, म्हणजे नायब, सांभाळतो. जुने नायब बाबालालांचे दोस्त. त्यांनी वही एका दिवसापुरती घरी नेऊ दिली. "नुसती बघ हां," असं बजावूनही सांगितलं.

पण कोरा फॉर्म नुसता बघायचा, हे कारकुनाला जमतं होय? बाबालालांनी कार्बन घातला. वधूचं नाव, माहपारा. पुढचा रकाना वधूच्या वडिलांचा. इथं ते थबकले. नायिका कल्पनेतली चालते, पण कागदावर बाप कल्पनेतला घातला तर ती अफरातफर झाली! त्यांना जगात एकाच माहपाराच्या बापाचं नाव, वय, पत्ता पक्का ठाऊक होता. त्यांनी तो भरला. वकिलाच्या रकान्यात मामा लागतो; ते मामा होते; सही केली. साक्षीदार म्हणून मुसा टेलर आणि शेजारचे इमामचाचा यांना बोलावलं. दोघांनी न वाचता सह्या ठोकल्या, कारण शेजाऱ्यानं सही मागितल्यावर वाचत बसणं हा आमच्याकडं अपमान समजतात. मग फॉर्म बघत बघत बाबालालांनी एका बैठकीत प्रकरण लिहून काढलं. उत्तम उतरलं.

आता तो कागद फाडायचा. पण त्यावर छापील नंबर होता, आणि नंबराचा कागद बाबालालांनी जन्मात फाडला नव्हता. नवऱ्याच्या सहीचा रकाना कोरा आहे, म्हणजे कागद अपुरा आहे, म्हणजे रद्दच आहे, असा विचार करून त्यांनी वही परत केली. दोस्ताला समक्ष सांगू म्हणाले. पण दोस्त गुडघा दाखवायला पुण्याला लेकाकडं गेला. त्याच्या जागी नवा नायब आला. पोरगा तरुण, कामाचा उरक दांडगा. त्यानं वही तपासली, सगळे रकाने भरलेले बघितले, शिक्का मारला आणि मुलीची प्रत रजिस्टरनं साताऱ्याला धाडली.

सगळे रकाने भरलेले. हे लक्षात ठेवा.

सिकंदरमियाँ माधवनगरला उतरले ते थेट मेव्हण्याच्या अंगणात. "बाबालाल! भाईर ये. माझा जावई कुठं लपिवलायस?"

बाबालालांनी घाम पुसत सगळं सांगितलं. "दुल्हेभाई, सरफराज कादंबरीतला हाय. माणूसच न्हाई तो. बघा, सहीचा रकाना मी कोरा..." असं म्हणून त्यांनी कागद हातात घेतला, आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. रकान्यात ठसठशीत सही होती, 'सरफराज'. शेपटीला मोठं वेलांटीदार वळण. हे अक्षर त्यांचं नव्हतं, मुसाचं नव्हतं, इमामचाचांचं नव्हतं. पृथ्वीवर पहिल्यांदाच एखाद्या लेखकानं आपल्या नायकाची सही बघितली असेल. क्षणभर त्यांना वाटलं, शिरवळला जाऊन चौकशी करावी.

त्या दिवशी साताऱ्याहून माहपाराचा फोन कोपऱ्यावरच्या बूथवर आला. ती ओरडली नाही, ते बाबालालांना जास्त लागलं. "मामू," ती म्हणाली, "मी तुमच्यावर चिडले न्हाई. पण मला कऱ्हाडचंच घर पाहिजे. तुम्ही दिलेलं नाव मी बावीस वर्षं मिरवलंय. आता तेवढा तुमचा नवरा परत घ्या."

काझीसाहेबांनी दुसऱ्या दिवशी जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या दालनात जमातीचे पाच पंच बोलावले. काझीसाहेब वयोवृद्ध, शांत माणूस. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाबालाल, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण वहीचा नाही. शिक्का आहे, साक्षीदार आहेत, नवऱ्याची सही आहे. मी नुसतं म्हणालो की हा माणूस नाही, तर उद्या कोणीही येऊन म्हणेल, माझा नवरा नव्हताच."

बाबालालांनी मान खाली घातली. हे बोलणं त्यांच्या ओळखीचं होतं. मागच्याच महिन्यात धोंडुबाई नावाची म्हातारी त्यांच्या टेबलापुढं उभी होती. कागदोपत्री ती मेलेली होती. "बाबा, मी जित्ती हाय, बघ की," ती म्हणाली, आणि बाबालाल म्हणाले होते, "मला दिसतंय आजी. फाइलीला दिसत न्हाई."

"साक्षीदारांनी नवरा बघितला होता का?" काझीसाहेबांनी विचारलं.

मुसा टेलरनं इकडं तिकडं बघितलं. खरं सांगावं तर न बघता सही केली म्हणून पाच पंचांसमोर अब्रू जाणार. मुसानं अब्रू वाचवली. "बघितला की! चांगला उंचापुरा हाय. मिशी राखलीया. शेरवानीचं माप मीच घेतलंय. छाती अडतीस."

"छाती अडतीस," इमामचाचांनी दुजोरा दिला.

"आरं मुसा!" बाबालाल ओरडले. पण आता सरफराजला छाती आली होती. सिकंदरमियाँ कपाळाला हात लावून बसले.

सरफराज कादंबरीतलाच आहे याचा पुरावा म्हणजे कादंबरी. ती वाचावी असं ठरलं. बाबालालांच्या मनात त्याही स्थितीत एक गुदगुली झाली, ती माणसाच्या स्वभावातली गोष्ट आहे, त्यांना हसू नका. नसीमला वही घेऊन बोलावलं. ती दालनाच्या मध्यभागी बसली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली. पंच आधी भुवया चढवून ऐकत होते. दुसऱ्या प्रकरणात एकानं तक्क्याला पाठ टेकली. चौथ्यात सरफराजला कामावरून कमी केलं तेव्हा एक पंच म्हणाले, "कंत्राटी ठेवत्यात आन् वापरून घेत्यात, सगळीकडं हेच." सहाव्यात एसटी चुकली तेव्हा दुसरे हळहळले. निकाह लागला तेव्हा तिघांनी "मुबारक" म्हटलं, आणि मग आपण इथं कशाला जमलोय ते आठवून गप्प बसले.

"कादंबरीतलाच आहे," काझीसाहेब म्हणाले. "पण वहीतली नोंद बंद करायला काही घडायला तर पाहिजे."

"मारून टाका की त्याला," एक पंच म्हणाले. "जुन्या किश्श्यात मरतोच हाय."

"मेला तर मुलगी विधवा. इद्दत चार महिने दहा दिवस, तोवर निकाह नाही," काझीसाहेब म्हणाले.

"कऱ्हाडकर आठ दिसांच्या वर थांबायचे न्हाईत!" सिकंदरमियाँ ओरडले.

मग तोडगा मुसानंच काढला. "तलाक! मुलगी अजून सासरी गेल्यालीच न्हाई, म्हंजी इद्दतबी लागत न्हाई. बाबालालनं कादंबरीत लिवावं की सरफराजनं तलाक दिला. सायबांनी वहीत पान नंबर टाकावा. मिटलं."

सगळ्यांना हे एकदम पसंत पडलं. ज्या माणसानं उंटांमागं बारा वर्षं आणि एसटीमागं सहा प्रकरणं काढली, त्यानं बायकोला लग्नानंतर दीड पानात सोडावं, यात एकाही शहाण्या माणसाला काही वावगं दिसेना. बाबालालांच्या डोळ्यांपुढं माहपारा होती, खरी माहपारा. त्यांनी पेन घेतलं. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी तीन ओळी लिहिल्या आणि वही पोरीपुढं सरकवली. "वाच बेटा."

नसीमनं पान बघितलं. वाचलं नाही.

"वाच की."

"सरफराज असं म्हणणार न्हाई," ती म्हणाली.

"तुला काय ठावं?" मुसा म्हणाला.

"मलाच ठावं. सही माझी हाय."

बाबालाल म्हणाले, "काय म्हणालीस?"

"अब्बा, तुमीच म्हणता न्हवं, एक रकाना कोरा राहिला की अर्ज परत येतो? तुमी वही ठेवून चहाला गेलात. मी बघितलं, सगळ्यांच्या सह्या हायत आन् त्याचीच न्हाई. बिचारा बारा वर्षं चालला अन् एका सहीसाठी परत जायचा. मी केली."

काझीसाहेबांनी कोरा कागद पुढं केला. नसीमनं पेन उचललं आणि सही केली. 'सरफराज'. शेपटीला तेच वेलांटीदार वळण. पंचांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. मग सगळे हळूहळू मुसा टेलरकडं वळले. त्यांच्या समोर साडेचार फूट उंचीचा, दोन वेण्यांचा, पाचवी ब मधला नवरा बसला होता.

"मुसाभाई," काझीसाहेब शांतपणे म्हणाले, "मिशी राखली होती म्हणालात?"

मुसानं टोपी सारखी केली. "त्या दिशी उजेड कमी होता सायब."

"उजेड कमी होता," इमामचाचा म्हणाले.

आधी सिकंदरमियाँ हसले, मग पंच हसले, शेवटी काझीसाहेबांनीही दाढीवरून हात फिरवला. नवरा नाही, तर निकाह नाही. त्यांनी वहीतली नोंद एका सरळ रेघेनं खोडली, रेघेशेजारी समासात सही केली, आणि कऱ्हाडकरांच्या नावे शिक्क्याचं पत्र लिहून दिलं. सिकंदरमियाँनी ते पत्र तीनदा वाचलं, या खेपेला मनातल्या मनात, आणि साताऱ्याची शेवटची गाडी गाठायला पळाले. पंच उठले. मुसा सगळ्यांच्या आधी उठला होता.

बाबालाल मात्र तिथंच बसून राहिले. भाचीचं लग्न वाचलं याचा त्यांना आनंद होता. पण त्यांच्या कादंबरीबद्दल जाताना कोणी चकार शब्द बोललं नव्हतं. शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात त्या तीन ओळी होत्या, आणि त्या खोडायला हात उठत नव्हता.

नसीमनं काझीसाहेबांचं खोडणं नीट पाहिलं होतं. तिनं वही आपल्याकडं ओढली, फूटपट्टी नव्हती म्हणून बापाचा बसचा पास काढून घेतला, त्याच्या कडेनं तिन्ही ओळींवर तीन सरळ रेघा मारल्या, आणि समासात, वेलांटीसकट, सही केली : सरफराज.